लोह ५८ की ५३? एकाच पिशवीतल्या खनिजाचे दोन अहवाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गात रेडीजवळ तुमच्या वडिलोपार्जित जमिनीत विहीर खणताना जड, तांबूस-पिवळा, हाताला रंग लागणारा दगड आणि त्याची भुकटी निघाली. तुम्ही दहा-बारा किलो माल नीट कालवून त्याचे दोन भाग केले आणि दोन प्रयोगशाळांना दिले. पहिलीचा अहवाल आला: लोह ५८.२ टक्के, पाणी ८.२ टक्के, सिलिका ४.०, अ‍ॅल्युमिना ३.४ आणि तळाशी बारीक अक्षरात ‘एलओआय ७.६’. दुसरीने दोनच आकडे दिले: लोह ५३.४ टक्के, पाणी १५.२ टक्के. तुम्ही विचारता, यातली कोणती लॅब चुकली, आता तिसरीकडे पैसे भरायचे का, आणि जमिनीतल्या या मालाचं पुढे काय करायचं?

तिसरीकडे पैसे भरू नका. दोन्ही अहवाल बरोबर आहेत, आणि दोघांत मुळीच भांडण नाही. गोव्यात आणि तळकोकणात लोहखनिजाच्या प्रयोगशाळांत मी तीसेक वर्षं काढली. ‘लॅबने फसवलं’ म्हणून माझ्यापुढे आलेल्या कागदांपैकी बऱ्याच कागदांत हाच गुंता निघाला. टक्के लिहिले होते, पण ते कशाचे टक्के हे लिहिलं नव्हतं.

तुमच्याच आकड्यांवर पाहू. पिशवीतून १०० ग्रॅम माल जसा आहे तसा, ओला घ्या. पहिल्या लॅबच्या म्हणण्याप्रमाणे त्यात ८.२ ग्रॅम ओल आहे. वाळवल्यावर उरला ९१.८ ग्रॅम कोरडा माल. लोहाचे ५८.२ टक्के हे या कोरड्या मालाचे टक्के आहेत. ९१.८ चे ५८.२ टक्के काढा: ५३.४ ग्रॅम. दुसऱ्या लॅबचा आकडा हाच. तिने तो मूळ ओल्या वजनावर आणून दिला आहे, इतकंच.

आता पाणी. एलओआय म्हणजे कोरडी भुकटी १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर तिचं जे वजन घटतं ते. कोरड्या मालाच्या ७.६ टक्के म्हणजे ९१.८ ग्रॅममागे ७.० ग्रॅम. त्यात आधीची ८.२ ग्रॅम ओल मिळवा, १५.२ झाले. दुसऱ्या लॅबने ओल आणि तापवल्यावरची घट एकत्र करून त्या बेरजेला ‘पाणी’ म्हटलं. शब्द ढिला वापरला, मोजमाप मात्र चोख आहे. दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या भट्ट्यांत केलेलं काम पहिल्या दशांशापर्यंत जुळतं, तर तुम्ही नमुनाही उत्तम कालवला होतात हे त्यातून आपोआप दिसतं.

खनिजातलं पाणी दोन जातीचं असतं. एक वरवरचं: पावसाचं, जमिनीतलं, दगडाच्या छिद्रांत आणि कणांच्या मधे अडकलेलं. हे १०५ अंशांवर निघून जातं आणि माल उघड्यावर ठेवला की ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतं. दुसरं पाणी खनिजाच्या रचनेतच बांधलेलं असतं. तुमचा पिवळट माल म्हणजे बहुतेक गोएथाइट हे लोहखनिज. त्याच्या स्फटिकात लोह, ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिल गट असतात; साधारण २५० ते ३५० अंशांच्या दरम्यान हे गट मोडतात, पाण्याची वाफ होऊन बाहेर पडतात आणि मागे लाल हेमॅटाइट उरतं. शुद्ध गोएथाइटमध्ये असं पाणी १०.१ टक्के आणि लोह ६२.९ टक्के असतं. हेमॅटाइटमध्ये पाणी शून्य, लोह ६९.९ टक्के. म्हणजे गोएथाइटची खाण कितीही शुद्ध निघाली तरी कोरड्या मालात ६३ च्या वर लोह मिळणं शक्यच नाही. ‘पासष्ट लागलं’ असं कोणी सांगत आला तर त्याला आधी एलओआय विचारा.

घरच्या घरी हे पाहायचं असेल तर चिमूटभर पिवळी भुकटी लोखंडी पळीत घेऊन गॅसवर चांगली तापवा. रंग पिवळ्यावरून विटकरी, मग गडद लाल होत जातो. पिवळा गेरू भाजल्यावर लाल होतो तो याच कारणाने.

ओल मोजणं हे सगळ्यात सोपं काम समजतात आणि म्हणून ते नवख्याच्या हाती देतात. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. ओल मोजायचा नमुना वेगळा काढावा लागतो आणि तो दळायचा नसतो. दळताना यंत्र तापतं, हवा खेळते, आणि मोजायचं पाणी मोजण्याआधीच उडतं. म्हणून किलोभर जाडसर माल स्टीलच्या ट्रेमध्ये पातळ पसरायचा, लगेच वजन करायचं, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा आणि दोन लागोपाठच्या वजनांतला फरक नगण्य होईपर्यंत वाळवायचा. आयएसओ ३०८७ या मानकात हीच पद्धत तपशीलवार दिली आहे. ‘रात्रभर ठेवला, झाला असेल’ हे चालत नाही. जाड थर असेल तर वरचा माल कोरडा होऊन खालचा ओलाच राहतो. ट्रेमध्ये बोट खुपसलं की गारवा लागतो.

पिशवीकडेही लक्ष हवं. पावसाळ्यात ट्रकवरून काढलेला गरम, ओला माल प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की रात्री पिशवीच्या आतल्या बाजूला दवाचे थेंब धरतात. एकदा आमच्याकडे आलेल्या नव्या मुलाने माल ट्रेमध्ये ओतला आणि पिशवी कचऱ्यात टाकली. थेंब तिच्यासोबत गेले, काही बारीक भुकटीही चिकटून गेली, आणि ओलीचा आकडा जोडीच्या नमुन्यापेक्षा स्पष्टपणे खाली आला. मी ती पिशवी कचऱ्यातून काढायला लावली. तेव्हापासून आमच्याकडे पिशवीसकट आधी वजन, मग पिशवीही ओव्हनशेजारी वाळवून तिचं वजन, अशी पद्धत पडली.

उलटा प्रकारही घडतो. कोकणातल्या जुलै महिन्यात वाळवलेली गोएथाइटची भुकटी उघडी ठेवून पाहा. चार दशांशाच्या वजनकाट्यावर मुशी ठेवली की शेवटचा आकडा थांबतच नाही, दर काही सेकंदांनी एकेक वाढत राहतो. काटा बिघडलेला नसतो. भुकटीतली अतिसूक्ष्म छिद्रं हवेतली वाफ पीत असतात. म्हणून झाकणाच्या बाटलीत वाळवायचं, डेसिकेटरमध्ये (आत ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या झाकणबंद भांड्यात) थंड करायचं आणि झाकण लावूनच वजन करायचं. ज्यांना हे माहीत नसतं ते ‘कोरड्या’ म्हणून जी भुकटी तोलतात तिच्यात पाणी परतलेलं असतं आणि लोह तेवढ्या प्रमाणात कमी दिसतं.

बांधलेल्या पाण्यासाठी बहुतेक ठिकाणी एलओआय वापरतात आणि तुमच्या मालासाठी ते ठीक आहे. पण एलओआय म्हणजे पाणीच, असं सरसकट धरणं चूक. भट्टीत जे जे उडून जाईल ते सगळं या आकड्यात येतं. मालात कॅल्साइट किंवा सिडेराइट ही कार्बोनेट खनिजं असतील तर कार्बन डायऑक्साइड जातो, पायराइट असेल तर गंधक, मुळं-पानं मिसळली असतील तर तीही जळतात. मॅग्नेटाइट हे काळं चुंबकी लोहखनिज असेल तर आणखीच गंमत: त्यातलं फेरस, म्हणजे कमी ऑक्सिजनशी जोडलेलं लोह हवेतला ऑक्सिजन घेऊन वजन वाढवतं. फेरस ऑक्साइडच्या दर १०० भागांमागे ही वाढ सुमारे ११ भाग असते. मॅग्नेटाइट भरपूर असलेल्या नमुन्याचा एलओआय म्हणूनच कधीकधी चक्क उणे येतो, आणि तो आकडा पाहून तरुण केमिस्ट घाबरतात.

पाणी म्हणजे पाणीच मोजायचं असेल तर त्याला पकडून तोलावं लागतं. आज नायट्रोजनच्या कोरड्या प्रवाहात नमुना तापवून निघालेली वाफ पाणी मोजणाऱ्या कार्ल फिशर उपकरणात नेतात, किंवा मॅग्नेशियम परक्लोरेट भरलेल्या नळीत शोषून त्या नळीचं वजन करतात. मला मात्र जुनी पेनफिल्डची नळी अजून आवडते. सॅम्युअल पेनफिल्ड या अमेरिकी खनिजशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये ही पद्धत मांडली. कठीण काचेची अरुंद नळी, तिच्या बंद टोकाला एक फुगा आणि मधे दुसरा. लांब दांड्याच्या नरसाळ्याने भुकटी थेट टोकाच्या फुग्यात सोडायची, मधल्या फुग्याभोवती ओलं फडकं गुंडाळायचं आणि टोक बर्नरवर तापवायचं. थोड्या वेळात मधल्या फुग्याच्या काचेवर आधी धुकं येतं, मग बारीक थेंब, मग ते एकमेकांत मिसळून गोल होतात. दगडातून निघालेलं पाणी डोळ्यांसमोर जमत जातं. मग तापलेलं टोक ओढून तोडून टाकायचं, उरलेली नळी पाण्यासकट तोलायची, वाळवून पुन्हा तोलायची. ज्या विद्यार्थ्याने हे एकदा पाहिलं त्याला ‘बांधलेलं पाणी’ म्हणजे काय, हे पुन्हा समजावावं लागत नाही. तुमच्या एखाद्या पिवळ्या खड्यावर हे करून दाखवता आलं असतं तर मला फार आवडलं असतं.

आता लोह. पहिल्या लॅबने डायक्रोमेट टायट्रेशन केलं असणार, म्हणजे विरघळवलेल्या लोहाला डायक्रोमेटचं किती द्रावण पुरतं ते मोजून लोह काढलं असणार, कारण व्यवहारात अजून त्याच पद्धतीला मान आहे. आयएसओ २५९७ मध्ये आणि आपल्या भारतीय मानकातही ती आहे. ०.४ ग्रॅम वाळवलेली बारीक भुकटी बीकरमध्ये घेऊन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात हॉट प्लेटवर विरघळवायची. इथे घाई नको. द्रावण उकळू दिलं तर फेरिक क्लोराइडचा, म्हणजे विरघळलेल्या लोहाचा, अंश वाफेबरोबर जाऊ शकतो. तळाशी पांढरा गाळ उरला तर ती सिलिका. गाळ काळपट किंवा तांबूस राहिला तर लोह अजून आत अडकलंय. तो गाळून, जाळून, हायड्रोफ्लुओरिक आम्लाने सिलिका घालवून, उरलेलं वितळवून मूळ द्रावणात आणावं लागतं. हा टप्पा टाळणाऱ्याचं लोह नेहमी कमी येतं.

मग गरम पिवळ्या द्रावणात स्टॅनस क्लोराइड हा कथिलाचा क्षार थेंबाथेंबाने; तो पिवळ्या फेरिक लोहाचं फेरस लोह करतो. गडद पिवळा, मग लिंबाच्या सालीसारखा, मग पाण्यासारखा. पिवळेपणा गेला की फक्त एक-दोन थेंब जास्त. थंड करून, जादा स्टॅनस संपवायला, मर्क्युरिक क्लोराइड हा पाऱ्याचा क्षार एकदम ओतला की रेशमासारखा चमकदार पांढरा साका खाली येतो. हा साका केमिस्टची परीक्षा आहे. करडा किंवा काळा झाला तर स्टॅनस जास्त पडलं, बारीक पारा सुटला, आणि तो पारा पुढे डायक्रोमेट खाणार. असा बीकर ओतून पुन्हा सुरुवात करायची, ‘थोडासाच करडा आहे’ म्हणून पुढे जायचं नाही.

त्यानंतर गंधकाम्ल-फॉस्फोरिक आम्लाचं मिश्रण, रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या डायफेनिलअमाइन सल्फोनेटचे काही थेंब, आणि ब्युरेटमधून डायक्रोमेट. द्रावण हिरवं होत जातं, शेवटी शेवटी हिरवट-राखाडी, आणि एका थेंबाने जांभळं. फॉस्फोरिक आम्ल फेरिक लोहाला आपल्यात गुंतवून ठेवतं, म्हणून त्याचा पिवळा रंग आड येत नाही आणि जांभळा ठसठशीत दिसतो. ०.१ नॉर्मल तीव्रतेच्या डायक्रोमेटचा एक मिलिलिटर म्हणजे ५.५८५ मिलिग्रॅम लोह. तुमच्या मालाला ४१.६८ मिलिलिटर लागले असतील: गुणाकार केला की २३२.८ मिलिग्रॅम, ४०० मिलिग्रॅममध्ये, म्हणजे ५८.२ टक्के. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर धरला तर तो ०.०७ टक्का लोह सांगतो. इतक्या साध्या काचेच्या नळीने इतकी बारीक उकल होते, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पाऱ्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मर्क्युरिक क्लोराइड जालीम विष आहे आणि आम्ही तरुणपणी त्याचे बीकर सिंकमध्ये ओतले. ते पाणी कुठे गेलं असेल याचा विचार आता टोचतो. आज टायटॅनियम क्लोराइडची पद्धत आहे: बहुतेक लोह स्टॅनसने, उरलेलं टायटॅनियमने क्षपित करायचं (म्हणजे फेरिकचं फेरस करायचं), सोडियम टंगस्टेटचा निळा रंग आला की थांबायचं आणि पातळ डायक्रोमेटने तो निळा घालवून मग खरं टायट्रेशन सुरू करायचं. पारा लागतच नाही आणि उत्तर तितकंच विश्वासार्ह येतं. लॅब निवडताना हे विचारा.

हल्ली एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर काम पटकन होतं. त्यात एक सापळा आहे. यंत्र पुष्कळदा लोह ‘फेरिक ऑक्साइड’ म्हणून छापतं. तुमच्या मालाचा तो आकडा ८३.२ येईल, आणि कोणी त्यालाच लोह समजला तर घरात पेढे वाटले जातील. ०.६९९४ ने गुणल्यावर पुन्हा ५८.२ च हाती येतात. शिवाय एक्सआरएफला हायड्रोजन दिसत नाही, म्हणजे पाणी दिसत नाही. एलओआय वेगळा काढावाच लागतो. हातात धरायची पिस्तुलासारखी यंत्रं दगडावर टेकवून आकडा सांगतात, तो फक्त अंदाज. ओल्या दगडावर तर तो अंदाजही बिघडतो.

तुमच्या आकड्यांची बेरीज करून पाहू: फेरिक ऑक्साइड ८३.२, सिलिका ४.०, अ‍ॅल्युमिना ३.४, एलओआय ७.६. झाले ९८.२. उरलेला पावणेदोन टक्का मँगनीज, टायटॅनियम, फॉस्फरस वगैरेंचा. बेरीज ९५ किंवा १०३ आली असती तर मी तुम्हाला फेरतपासणी सांगितली असती.

यावरून माल कसला हेही बऱ्यापैकी सांगता येतं. सगळी ७.६ टक्के घट गोएथाइटची धरली तर कोरड्या मालात ७५ टक्के गोएथाइट निघतं. पण तेवढं नसावं. कोकणच्या जांभ्यात आणि त्याखालच्या मातकट थरात केओलिनाइट हे पांढऱ्या चिकणमातीचं खनिज असतं, त्यातही १४ टक्के पाणी असतं. तुमची सिलिका आणि अ‍ॅल्युमिना ज्या प्रमाणात आहेत ते प्रमाण केओलिनाइटशी अगदी जुळतं, म्हणजे सुमारे ८.६ टक्के केओलिनाइट आणि त्यातलं १.२ टक्के पाणी. ते वजा केलं तर गोएथाइट ६३ टक्के आणि हेमॅटाइट २६-२७ टक्के येतं. हा कागदावरचा हिशोब आहे. खात्री हवी असेल तर खनिजांचे स्फटिक ओळखणारी क्ष-किरण विवर्तनाची चाचणी करून घ्यावी लागेल.

या ओलीला व्यापारात किती वजन आहे तेही सांगतो. लोहखनिजाचा भाव कोरड्या टनावर ठरतो आणि जहाज भरतं ओल्या टनांनी. पन्नास हजार टनांच्या जहाजात ओलीचा एक टक्का इकडेतिकडे झाला की पाचशे टन मालाचे पैसे हलतात. आणि पैशापलीकडचीही गोष्ट आहे. ओली बारीक भुकटी जहाजाच्या पोटात लाटांच्या हिसक्यांनी चिखलासारखी वाहू लागते आणि जहाज कलंडतं. २००९ च्या जुलैत मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि सप्टेंबरात पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’ ही जहाजं बुडाली, दोन्हींत लोहखनिजाची भुकटी होती. म्हणून जहाजात भरण्याआधी मालाची ओल सुरक्षित मर्यादेच्या खाली असल्याचा दाखला लागतो. ओव्हनसमोर बसलेल्या माणसाच्या आकड्यावर खलाशांचे जीव असतात.

जमिनीबद्दलही विचारलं आहेत, म्हणून एवढं सांगतो: लोहखनिज हे १९५७ च्या खाणकायद्याखालचं प्रमुख खनिज आहे. जमीन तुमची असली तरी खाणपट्ट्याशिवाय ते काढून विकता येत नाही. विहिरीचा निघालेला ढीगही कोणाला उचलू देऊ नका. आधी जिल्ह्याच्या खनिकर्म अधिकाऱ्यांना भेटा.

आता करायचं ते इतकंच. दोन्ही लॅबना फोन करून विचारा: लोहाचा आकडा कोरड्या मालावर आहे की जसा आला तशा ओल्या मालावर, आणि ‘पाणी’ म्हणजे १०५ अंशांची ओल की त्यात एलओआयही धरलाय? उत्तर मी वर मांडलं तसंच येईल, तरी ते लेखी घ्या आणि अहवालाला टाचून ठेवा. फॉस्फरसचा आकडा दोन्ही अहवालांत नाही. कोकणच्या गोएथाइटमध्ये तो पाहायलाच हवा, पोलाद करणारा खरेदीदार पहिल्यांदा तोच विचारतो. पिशवीत माल उरला असेल तर त्यातून तो काढून घ्या. उरलेला दुहेरी पिशवीत बांधून, आजचं वजन आणि तारीख चिठ्ठीवर लिहून, ती चिठ्ठी दोन पिशव्यांच्या मधे ठेवा. आत ठेवली तर गेरूने अक्षरं बुजतात.